सिंगल बोर्ड संगणकावरील गेम कंट्रोलर अडॅप्टर : दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या संदर्भात

प्रस्तावना :
गेम कंट्रोलर हे करमणुकीचे साधन मानले जात असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्याचा विचार सहसा होत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याची बोटे नीट वळत नाहीत किंवा हाताला कंप आहे, त्याला माउसपेक्षा अंगठ्याने हलणारी जॉयस्टिक व ठसठशीत बटणे अधिक सोयीची ठरू शकतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर बाजारात आणला तो याच विचारातून. जळगाव किंवा धुळ्याच्या महाविद्यालयातील असा विद्यार्थी घरी अशा साधनावर सराव करू शकेल. अडचण उभी राहते ती प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी. परीक्षेच्या संगणकावर बाहेरील आज्ञावली बसवण्यास सहसा परवानगी नसते. म्हणून कंट्रोलरच्या संकेतांचे माउस व कळफलकाच्या संकेतांत रूपांतर त्या संगणकाच्या बाहेरच व्हावे लागते. प्रस्तुत लेखात या रूपांतराची मांडणी स्पष्ट केली आहे.

यंत्राची निवड :
यूएसबी व्यवस्थेत एक बाजू यजमान असते व दुसरी उपकरण. अडॅप्टरला परीक्षेच्या संगणकासमोर उपकरणाची भूमिका घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक बोर्डाला जमत नाही. रास्पबेरी पाय ३ बी या बोर्डाचे चारही पोर्ट केवळ यजमान म्हणून चालतात. रास्पबेरी पाय ४ (२०१९) चा टाइप-सी पोर्ट उपकरण होऊ शकतो. पण त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वीजपुरवठा सुचवलेला आहे आणि संगणकाचा साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरचीच हमी देतो. झीरो डब्ल्यू (२०१७) कमी विजेवर चालतो, त्यामुळे एकाच केबलने वीज व संकेत दोन्हींचे काम भागते. मात्र त्याचा एकमेव डेटा पोर्ट यात गुंततो व कंट्रोलर ब्लूटूथने जोडावा लागतो. परीक्षेसाठी आम्ही झीरोचीच शिफारस करू, पण त्यावरील वायफाय बंद करूनच. ब्लूटूथ चालू ठेवून केवळ वायफाय बंद करण्याची सोय त्याच्या आरंभीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आहे.

आज्ञावलीची मांडणी :
लिनक्सचे कर्नल कंट्रोलरची प्रत्येक हालचाल एक ‘इव्हेंट’ म्हणून नोंदवते. पायथॉन भाषेतील ‘एव्हडेव्ह’ या लायब्ररीने हे इव्हेंट वाचता येतात. दुसऱ्या टोकाला ‘लिबकॉम्पोझिट’ हे मोड्यूल सुरू करून बोर्डाला माउस व कळफलक अशी ओळख द्यावी लागते. ती दिली की दोघांसाठी प्रत्येकी एक फाइल तयार होते व तीत लिहिलेले बाइट थेट परीक्षेच्या संगणकाकडे जातात. साध्या माउसचा अहवाल ३ बाइटचा असतो: पहिल्यात बटणे, उरलेल्या दोहोंत आडवे व उभे अंतर, प्रत्येकी उणे १२७ ते अधिक १२७. कळफलकाचा अहवाल ८ बाइटचा असतो. कळ सोडल्यावर शून्यांचा अहवाल पाठवण्यास विसरले, तर संगणक ती कळ दाबलेलीच समजतो आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागते.

खरी अडचण या दोन टोकांच्या मधोमध आहे. जॉयस्टिक ‘मी कोठे आहे’ हे सांगते, तर माउस ‘मी किती सरकलो’ हे सांगतो. शिवाय कर्नल केवळ बदल कळवते. जॉयस्टिक उजवीकडे दाबून स्थिर धरली की नवा इव्हेंट येत नाही, आणि इव्हेंट आला तरच बाण हलवणारी आज्ञावली तेथेच थांबते. विद्यार्थ्याला वाटते की आपलाच हात चुकतो आहे. म्हणून शेवटची स्थिती साठवून दर १० मिलिसेकंदांनी तिच्या प्रमाणात अंतर पाठवत राहावे. जॉयस्टिक थोडीच कलवली तर हे अंतर १ पेक्षा कमी भरते. अपूर्णांक टाकून दिला तर बाण हलतच नाही, तेव्हा तो पुढील हिशेबात मिळवावा.

झिजलेली जॉयस्टिक मध्यावर नेमकी परतत नाही व बाण आपोआप सरकू लागतो. यासाठी मध्याभोवतीचा काही भाग निष्क्रिय ठेवतात. दहा टक्क्यांपासून सुरुवात करावी. हाताला कंप असल्यास हा भाग वाढवावा आणि अल्पावधीत दुसऱ्यांदा दाबले गेलेले बटण दुर्लक्षित करावे. हे आकडे पुस्तकात मिळत नाहीत. शिक्षकाने विद्यार्थ्याशेजारी बसून ते ठरवावे लागतात, आणि आमच्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

परीक्षागृहातील प्रश्न :
पर्यवेक्षकाची शंका रास्त असते: या डबीत उत्तरे तर साठवलेली नाहीत ना? म्हणून एका बटणाने अनेक कळा टंकित करणारी सोय ठेवूच नये आणि आज्ञावलीची छापील प्रत अर्जासोबत परीक्षा विभागाकडे आधीच द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार वाजवी सुविधा नाकारणे हाही भेदभाव ठरतो, याचा उल्लेख अर्जात असावा.

वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरील फाइल बिघडू शकतात. ते टाळण्यासाठी सर्व मांडणी पूर्ण झाल्यावर कार्ड ‘ओव्हरले’ पद्धतीने केवळ वाचनासाठी ठेवावे. बोर्ड सुरू होण्यास काही वेळ लागत असल्याने तो प्रश्नपत्रिका मिळण्यापूर्वीच जोडावा, आणि तयार कार्डाची दुसरी प्रत पर्यवेक्षकाच्या टेबलावर असावी.