आडवी बाटली आणि आरोग्याचं मत

दारू दुकानाचा परवाना म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार महसुलाचा होतो. कोल्हापुरात हा विषय राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे असतो. दारूचे परिणाम मात्र सीपीआरच्या अपघात विभागात दिसतात.

दुकान नको असेल तर लोकांच्या हाती 2008 च्या आदेशातलं ‘आडवी बाटली’ मतदान आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान.

आता हिशेब बघा. समजा, यादीत 1000 महिला आहेत. निम्म्याहून जास्त, म्हणजे 501 मतं आडव्या बाटलीला हवीत. 700 जणी आल्या, त्यातल्या 480 जणींनी ‘आडवी’ म्हटलं, तरी दुकान चालूच राहतं! लग्न होऊन परगावी गेलेली, पण यादीत राहिलेली लेकसुद्धा दुकानाच्या बाजूनं मोजली जाते.

शिवाय हे सगळं दुकान उघडल्यानंतरचं. स्कॉटलंडच्या 2005 च्या परवाना कायद्यात सार्वजनिक आरोग्याचं रक्षण हे उद्दिष्टच आहे. इंग्लंडमध्ये 2012 पासून आरोग्य अधिकाऱ्यांना परवान्याच्या अर्जावर म्हणणं मांडता येतं.

आपल्या संविधानातही सार्वजनिक आरोग्य आणि दारूबंदी हे दोन्ही 47 व्या कलमात एकत्रच आहेत. मग रुग्ण प्यायलेला होता का, कुठून आला, ही दवाखान्यातली नोंद परवाना देण्याआधी टेबलावर यायला काय हरकत आहे?