घाम उन्हाचा की थायरॉइडचा?

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हापायी जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं. अशा गावात रात्री उशी ओली झाली म्हणून कोण दवाखान्यात जातं? 'ऊनच तेवढं आहे' म्हणायचं, उशी उलटी करायची आणि पडून राहायचं. थायरॉइडचा त्रास असणाऱ्याचं नुकसान नेमकं इथंच होतं.

अंगातली भट्टी

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं सोडते. शरीर इंधन किती वेगानं जाळणार हे त्यांच्यावर ठरतं. ती जास्त झाली की उष्णता जास्त तयार होते. मग ती बाहेर टाकायला कातडीकडे रक्त वाढतं, घाम सुटतो, छाती धडधडते, खाऊनही वजन उतरतं. कमी पडली की उलट: कातडी कोरडी, हातपाय गार, अंग जड.

एका खोलीत दोन ऋतू

अमरावतीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मे महिना, एकच कुलर. सासूबाई म्हणतात, "जरा बंद कर गं, पायात गोळे येतात." सून पहाटे तीनला उठून ओला गाऊन बदलते. सासूबाईंचं थायरॉइड कमी, सुनेचं जास्त. दोघींनाही घरचे म्हणतात, तुमचं काहीतरीच!

उन्हाचा घाम घरात सगळ्यांना येतो. बाकीचे कोरडे असताना तुम्ही एकट्याच भिजत असाल, किंवा जानेवारीत शेजारचा माणूस दुलई ओढून झोपलेला असताना तुमची चादर ओली होत असेल, तर ते ऊन नाही. महिनाभर तारीख, वेळ आणि कपडे बदलावे लागले का, एवढं वहीत लिहा. डॉक्टरांना 'खूप घाम येतो' यापेक्षा ही वही जास्त सांगते.

गोळी जास्त होते तेव्हा

थायरॉइड कमी म्हणून थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ची गोळी, घेणाऱ्यांनाही रात्री घाम फुटू शकतो, कारण डोस गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. वजन बरंच उतरलं किंवा बाळंतपण झालं, तरी जुनाच डोस चालू राहिला की असं होतं. मात्र गोळी आपल्या मनानं अर्धी करू नका. टी-४ रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, साधारण सहा आठवड्यांनी करतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी सांगा, आकडे फसवे येतात.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-एका तासानं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा टिनाच्या छताखाली ठेवू नका. वऱ्हाडातला उन्हाळा औषधालाही सोसत नाही, आणि कुलरसमोरची ओलही.

दुसरी कारणं

पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना असाच घाम येतो, इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री उतरली तरी येतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप, वजन कमी, तर आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

ताप आला तर

थायरॉइड जास्त म्हणून कार्बिमाझोल चालू असेल आणि ताप येऊन घसा दुखू लागला, तोंड आलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित या औषधानं त्या फार घटतात.

जोराचा ताप, बेफाम धडधड आणि असंबद्ध बोलणं एकत्र आलं तर १०८ ला फोन करा. मे महिन्यात हे हुबेहूब ऊन लागल्यासारखं दिसतं. म्हणून दवाखान्याच्या दारातच थायरॉइडचं नाव घ्या आणि गोळ्यांची बाटली डॉक्टरांच्या हातात द्या.