भाताच्या मुळाशी

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या कुशीतील वाड्यांची जमीन महसुली दप्तरात मुख्यतः भात आणि वरकस अशा दोन सदरांत मोडते. वरकसावर नाचणी आणि वरी पिकते, आणि डोंगरउतार कोरून, बांधावर बांध रचून काढलेल्या अरुंद खाचरांत भात. सावित्रीच्या उगमाकडील या मुलखात जो पाऊस भाताला जगवितो, तोच खाचरात फेकलेले खत एका बांधावरून दुसऱ्या बांधाखाली ओढीत अखेर नदीच्या स्वाधीन करतो. जे वाहून जात नाही त्यातलेही पुष्कळसे नत्र वायुरूपाने उडून जाते. अल्पभूधारक खातेदाराचा रोख पैसा असा डोळ्यांदेखत नाहीसा होतो, याची हळहळ मला पिकाच्या हानीइतकीच वाटते.

या नाशावर शोधलेला उपाय म्हणजे 2.7 ग्रॅम वजनाची एक गोळी. युरिया आणि डीएपी 60 : 40 या प्रमाणात मिसळून, खोबणी असलेल्या दोन फिरत्या रुळांमध्ये दाबून ती तयार करतात. यंत्र इतके साधे की तालुक्याच्या गावी एखाद्या खतविक्रेत्याने सहज चालवावे. लावणी आलटूनपालटून 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरावर करावयाची, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन साधतो. त्याच्या मध्यभागी, लावणीच्याच दिवशी, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात एक गोळी हाताने खोचावयाची. त्या खोलीवर प्राणवायू पोचत नसल्यामुळे युरियापासून झालेले अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे त्याचा हळूहळू उपभोग घेतात. गुंठ्याला सुमारे 630 गोळ्या पुरतात.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीचे हे चौथे सूत्र. उरलेली तीन, म्हणजे तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला आणि ही नियंत्रित लावणी, कोकणी शेतकऱ्याच्या आवाक्यातलीच होत. 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर ‘कोकण अन्नपूर्णा’ ही पालाशयुक्त गोळी सिद्ध केली. त्याच विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस 28 जुलै 2018 रोजी आंबेनळीच्या दरीत कोसळली आणि 30 जणांचा अंत झाला; कोकणच्या शेतीसाठी राबणाऱ्या संस्थेवरील तो आघात या घाटाचे नाव घेताना विसरता येत नाही.

बांगलादेशात हीच पद्धत ‘गुटी युरिया’ या नावाने लक्षावधी लहान शेतकऱ्यांनी स्वीकारली, कारण तेथेही जमिनीचे तुकडे लहान, पाणी उदंड आणि अन्नाची निकड मोठी. पोलादपुरात अडचण मनुष्यबळाची आहे. घरटी कर्ता पुरुष मुंबईला, लावणीचा भार बहुतेक स्त्रियांवर. त्यांनी वाकून प्रत्येक चौकोनात गोळी खोचावी, हे सांगणे सोपे नाही. तथापि जेथे ट्रॅक्टर वळत नाही अशा खाचरात हातानेच करावयाच्या पद्धतींपैकी इतके खत वाचविणारी दुसरी मला ठाऊक नाही. शिवाय वरखत देण्यासाठी पुन्हा चिखलात उतरण्याचा फेरा चुकतो, ही सवलत त्या स्त्रियांच्याच पदरात पडते. गोळी हवेतील ओलावा शोषून विरघळू लागते, म्हणून ती मृगाच्या आधी घाट चढून वाड्यांत पोचली पाहिजे आणि लावणीपर्यंत हवाबंद पिशवीत राहिली पाहिजे.