तुंगारेश्वराची प्रदक्षिणा

वसईकराला तुंगारेश्वर नवा नाही. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला दर्शनाला जायचे आणि आल्या वाटेने परतायचे, हा आपला शिरस्ता. मीही वर्षानुवर्षे तेच केले. गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही पाच मित्रांनी ठरवले, की एका वाटेने चढायचे आणि दुसऱ्या वाटेने उतरून त्याच फाट्यावर यायचे; म्हणजे देवाची नव्हे, डोंगराचीच प्रदक्षिणा! तीत जे उमगले ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील फाट्यापासून मंदिर ३-४ किलोमीटरांवर आहे. वाट जंगलातून जाते. सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचे हे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पूर्वेचे तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा दुवा असल्याने वन्य प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे. नाक्यावर नोंद करून आम्ही सकाळीच निघालो. साग, पळस ओळखीचे होते. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दाखवून मित्राने ऐनाची ओळख करून दिली.

मंदिरापुढे खरी चढण लागली. माथ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा कळले, की डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी आहे. उत्तर-पूर्वेच्या उतारावरचा पाऊस तानसा नदीकडे जातो, दक्षिणेचा कामणच्या बाजूने वसईच्या खाडीला मिळतो आणि पश्चिमेचा आपल्या सखल भागाकडे येतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द पाठ केला होता. तिथे त्यावर उभा राहिलो.

उतरताना आमची फजिती झाली. ओढा खालीच जाणार, तेव्हा त्याच्या पात्रातून गेले की पायथा गाठता येईल, असा आमचा तर्क. अर्ध्या तासाने पात्र एकाएकी तुटले. समोर तीन-चार माणसे उंचीचा सरळ कडा! दिवस कलू लागला होता. मागे वळून चढताना मोळी घेऊन निघालेली एक मावशी भेटली. आमची हकिकत ऐकून ती हसली. म्हणाली, “पाणी उडी मारतं, पोरांनो. तुम्ही मारणार का?” मग तिने आम्हांला सोंडेवरच्या वाटेला लावून दिले.

तिच्या बोलण्यात सह्याद्रीचे भूशास्त्र होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो आणि कठीण थराचा कडा उरतो; ओढा तिथून धबधबा होऊन कोसळतो. दोन ओढ्यांमधली सोंड मात्र बहुधा सावकाश उतरत जाते. म्हणून वाटा सोंडेवरून जातात. नव्या वाटेने उतरणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे. त्याहून बरे म्हणजे वाटाड्या सोबत घ्यावा आणि अंधाराआधी जंगलाबाहेर पडावे.

सोंडेवरून उतरताना पश्चिमेला इमारतींचे दिवे लागलेले दिसले. याच पश्चिम पायथ्याशी पेल्हारचे धरण आहे. त्याचे पाणी आपल्या नळांना येते. जुलै २०१८ मध्ये आमच्या चाळीत गुडघाभर पाणी होते, तेही आठवले. त्या पुराची कारणे अनेक: अतिवृष्टी, खाडीची भरती, बुजलेले नाले. पण झाडोऱ्याच्या उतारावर पाऊस मुरतो आणि उघड्या उतारावरून धावत सुटतो, हे साधे गणित आहे. डोंगर उघडा पडला, तर उन्हाळ्यात हंडा रिकामा आणि पावसाळ्यात घर भरलेले, अशी आपली गत होईल.

रात्री फाट्यावर चहा घेतला तेव्हा पाय दुखत होते. आजवर मी तुंगारेश्वराकडे काही ना काही मागायला जात असे. त्याने न मागता काय दिले आहे, ते फेरी घातल्यावर कळले. मित्रहो, एकदा दर्शनाऐवजी प्रदक्षिणेला जाऊन पाहा.