घरी कलर लेझर प्रिंटर घेताना

आपल्या बऱ्याच व्यापारी व कारीगर बांधवांच्या घरी आता बिल, लेबल, भावपत्रक सारे कॉम्प्युटरवर तयार होते. छापण्यासाठी मात्र झेरॉक्सच्या दुकानात चकरा माराव्या लागतात. मग कोणी तरी सल्ला देतो, "एकदाचा कलर लेझर घरीच घेऊन टाका." हा सल्ला आम्हीही मानला आणि पहिल्याच वर्षी हात पोळून घेतले. म्हणून हे चार शब्द.

लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते. टोनर नावाची प्लॅस्टिकची बारीक भुकटी विजेच्या भाराने ड्रमवर चिकटते, तिथून कागदावर येते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. कोरड्या भुकटीने प्रत काढण्याची ही युक्ती अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली प्रथम करून दाखवली. कलर मशीनमध्ये अशा चार भुकट्या असतात : सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. सीझन संपून दोन महिने मशीन बंद राहिले तरी भुकटी वाळत नाही. शाईच्या मशीनचे तोंड मात्र अशा वेळी बंद होते. शिवाय साध्या कागदावर शाई पसरते, लेझरची अक्षरे रेखीव येतात. उर्दू लेबल छापणाऱ्याला याचे मोल कळेल. 'बे'चा एक नुक्ता आणि 'पे'चे तीन नुक्ते बारीक अक्षरातही वेगळे दिसतात.

आता खर्चाचे. आम्ही मशीनची किंमत पाहिली, टोनरची विचारलीच नाही. नव्या मशीनसोबत येणारे टोनर पुष्कळदा अर्धवट भरलेले असतात, हे आम्हाला ऐन लग्नसराईत कळले. चारही टोनरचा नवा संच जवळजवळ मशीनच्या किमतीत पडला! दुकानदार म्हणाला, "शेठ, तुम्ही विचारलं नाही." खरेच होते.

म्हणून हिशेब आधी करावा. समजा, एक टोनर ४,००० रुपयांचा आणि त्यावर १,००० पाने लिहिलेली आहेत. म्हणजे काळ्या पानाला ४ रुपये आणि चारही रंगांच्या पानाला १६ रुपये. कागद वेगळा. पानांचा हा आकडाही पानाचा साधारण ५ टक्के भाग एका रंगाने भरेल असे धरून काढलेला असतो. साडीचा फोटो पानभर छापला तर टोनर कितीतरी लवकर संपेल. ड्रम वेगळा बदलावा लागतो काय, तेही विचारावे. आणि रोजची बिले छापताना सेटिंगमध्ये फक्त काळा रंग निवडावा, नाहीतर काळ्या मजकुरातही रंगीत टोनर खर्ची पडू शकतो.

दुसरी चूक याहून महाग पडली. आम्ही साड्यांचे शेड-कार्ड घरीच छापून बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवले. त्यांनी कागदावरचा मोरपंखी पाहून ऑर्डर दिली. माल पोहोचला आणि फोन आला, "हा रंग आम्ही मागितलाच नव्हता." आमची नियत साफ होती, पण दाखवले एक आणि दिले दुसरे, असेच झाले ना? भाव तोडून द्यावा लागला. चार भुकट्यांतून रंगाऱ्याची प्रत्येक छटा निघत नाही. शिवाय सुताची चमक कागदाला येत नाही, आणि ट्यूबलाइटमध्ये जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. आता आम्ही डिझाइन व भाव छापतो आणि रंगासाठी शेजारी कापडाची कतरणच चिकटवतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रूळ तापताना मशीन एकदम फार वीज ओढते, त्यामुळे ते घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये. पावसाळ्यात कागदाचे गठ्ठे बंद ठेवावेत, कागद दमट झाला की अडकतो. स्टिकर घेताना लेझरसाठीचेच घ्यावेत, नाहीतर गोंद वितळून रुळाला चिकटतो. जाड कार्ड छापायचे असेल तर मशीन किती ग्रॅमचा कागद घेते ते पाहावे. आणि टोनर बदलताना जवळ थान ठेवू नये. भुकटी सांडलीच तर आधी झटकावी, मग थंड पाण्याने धुवावी. गरम पाणी लावले की डाग पक्का!

ज्याला महिन्यात दहा-वीस रंगीत पाने लागतात, त्याने झेरॉक्सवाल्याकडेच जावे, किंवा फक्त काळे छापणारे लेझर घ्यावे. लेबले, टॅग, भावपत्रके सतत लागत असतील तरच कलर लेझर परवडते. व्याजाच्या हप्त्यावर तर घेऊच नये. व्याज हराम आहेच, शिवाय हप्ते फिटण्याआधी टोनरचा खर्च दारात उभा राहतो.

दुकानात जाताना आपलेच लेबल पेनड्राइव्हवर, पीडीएफ करून न्यावे. नुसती फाइल नेली आणि तिथे नस्तालीक फाँट नसला तर अक्षर बदलून येते. कागदही आपलाच न्यावा आणि समोर छापून घ्यावे. दुकानदार तयार नसेल, तर पुढचे दुकान पाहावे.