‘आईला विचारून सांगतो’: निर्णय टाळणारा नवरा

लग्नानंतरही मुलाने आईची औषधे, डोळ्यांची तपासणी आणि बँकेची कामे पाहावीत, तिच्या शब्दाला मान द्यावा, यात वावगे काहीच नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना सांभाळणे हे तर ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याने अपत्यांचे कायदेशीर कर्तव्यच ठरवले आहे. अडचण सुरू होते ती निराळ्या ठिकाणी. जो निर्णय पती-पत्नींनी मिळून घ्यायचा तो आईच्या होकाराशिवाय पुरा होत नाही, आईची नाराजी सोसण्याची ताकद नवऱ्यात नसते आणि ती नाराजी टाळण्याची किंमत दर वेळी बायकोलाच मोजावी लागते, अशी घराची घडी बसली की त्या नात्याला अतिअवलंबन म्हणावे लागते. नवरा आईला दिवसातून किती वेळा फोन करतो यावरून त्याची परीक्षा होत नाही. घरात मतभेद झाला की कोणाचे मन राखले जाते आणि कोणाला ‘तूच जरा समजून घे’ असे सांगितले जाते, ही त्याची खरी कसोटी.

मराठी मध्यमवर्गीय घरांत हे अवलंबन उघड जाचाच्या रूपात क्वचितच दिसते आणि म्हणूनच त्याची तक्रार करणारी बाई कांगावखोर ठरते. ठाण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला दोघांचेच बिऱ्हाड असते, सासूबाई सातारा-सांगलीकडे आपल्या घरी असतात, भाजणीचे डबे आणि कुरडया वेळच्या वेळी येत असतात. तक्रार करावी असे वरवर काहीच नसते. तरीही फ्लॅटच्या बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी नकाशा आधी आईला दाखवला जातो, दिवाळीत कोणत्या दिवशी कोणाकडे जायचे ते तिकडे ठरून मग इकडे कळवले जाते आणि नवरा बंगळुरूच्या बदलीचा विचार करतो आहे ही बातमी बायकोला सासूबाईंच्या तोंडून, बोलण्याच्या ओघात कळते. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते, परंतु त्या सगळ्यांचा अर्थ एकच निघतो: त्या घरातली पत्नी निर्णय घेणारी नसून निर्णय ऐकणारी आहे.

बाळाच्या आगमनानंतर हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, कारण तेथे मतभेद केवळ मानापमानाचा राहत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीदेखील देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे मानले जाते, कारण मधात असू शकणारे बॉट्युलिझमचे जिवाणूबीज तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. आपल्याकडे मात्र नवजात बाळाला मध चाटवण्याची आणि गुटी उगाळून देण्याची रीत अनेक घरांत अजून श्रद्धेने पाळली जाते. सासूबाई सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळायला बसतात, ओली बाळंतीण डॉक्टरांचे म्हणणे सांगून पाहते आणि नवरा ‘आम्ही नाही का वाढलो याच्यावर?’ असे म्हणून मोबाईल घेऊन गॅलरीत जातो. वास्तविक या प्रसंगी आईशी बोलण्याचे काम त्याचे असते, कारण तेच वाक्य सुनेच्या तोंडून आले तर तो आगाऊपणा ठरतो आणि मुलाच्या तोंडून आले तर फार तर दोन दिवसांचा अबोला होतो.

अशा वेळी सारा दोष सासूच्या स्वभावावर टाकण्याचा मोह होतो आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी तो मोह भरपूर पोसला आहे. समाजशास्त्रज्ञांनी मात्र याचे मूळ स्वभावात न शोधता कुटुंबाच्या रचनेत शोधले. तुर्की अभ्यासक डेनिझ कांदियोती यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘पितृसत्तेशी सौदा’ अशी कल्पना मांडली. ज्या कुटुंबपद्धतीत नवी सून सर्वांत खालच्या पायरीवर असते आणि तिला पुढे मिळणारी सत्ता केवळ मुलाच्या जोरावर मिळते, तेथे ती सत्ता हाती आल्यावर मुलाची निष्ठा त्याच्या बायकोकडे वळू न देणे हा वयस्क बाईच्या दृष्टीने अगदी व्यवहारी हिशेब असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनीही १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात भारतीय स्त्रीचे सासरचे स्थान मुलगा झाल्यावर कसे पालटते आणि त्यामुळे आई-मुलाचे नाते कसे विलक्षण दाट होते, याची चिकित्सा केली आहे. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जिचा नवरा तिच्याशी कामापुरतेच बोलला, जिने आपली हौसमौज मुलाच्या शिकवण्यांच्या फीमध्ये घातली, तिची सारी पुंजी म्हणजे तो मुलगा असतो. सून आल्यावर तिला जी भीती वाटते ती उगाच नसते.

येथे महाराष्ट्राची एक जुनी रीत आठवते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील विवाहपद्धतींमधला फरक दाखवून महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर कसा आहे हे सांगितले आहे. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती, म्हणजे सासू ही सुनेची आत्याच असे. मुलाची आई आपल्या भावाची लेक घरात आणत असे आणि मुलगा परक्या बाईच्या हाती गेला अशी धास्ती त्यामुळे कमी होत असावी, असा तर्क करायला जागा आहे. त्या विवाहांत मुलीच्या पसंतीला फारशी किंमत नव्हती, त्यामुळे त्या रीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आता ती बरीच मागे पडली आणि सून अनोळखी घरातून, स्वतःचा पगार आणि स्वतःची मते घेऊन येऊ लागली, एवढेच येथे महत्त्वाचे.

मुलाची जडणघडण मात्र त्या वेगाने बदललेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातले बिनमोबदल्याचे काम करतात आणि त्यात सरासरी २९९ मिनिटे घालवतात. पुरुषांपैकी असे काम करणारे २६.१ टक्केच असून त्यांचा वेळ ९७ मिनिटे आहे. ज्या मुलाला पंचविशीपर्यंत धुतलेले कपडे कपाटात आपोआप येतात असे वाटत होते, त्याचे आईवरचे अवलंबन केवळ भावनिक नसते, ते कामाचेही असते. लग्नानंतर तेच काम बायकोकडून तशाच चवीने व्हावे अशी त्याची अपेक्षा असते आणि आमटीची तुलना तेथूनच सुरू होते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडलेल्या दोन संकल्पना या गुंत्यात उपयोगी पडतात. पहिली स्व-विभेदनाची. आपल्या माणसांशी जवळीक ठेवूनही स्वतःचे मत स्वतः ठरवण्याची आणि त्यांच्या रागाने कोसळून न जाण्याची कुवत, असा तिचा अर्थ आहे. दुसरी त्रिकोणाची: दोन माणसांमधला ताण त्यांना सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि ताण मूळ जागा सोडून दुसऱ्या बाजूला सरकतो. मुलाला आईला नकार देता येत नाही, हा मूळ ताण त्या दोघांमधला. परंतु ‘तिला नाही आवडत’ असे सांगून तो बायकोला पुढे करतो, सासू-सून एकमेकींवर रुसतात आणि खुद्द मुलगा दोन्ही घरांत गरीब गाय म्हणून वावरतो. आईशी संबंध तोडणे किंवा दूर परदेशी निघून जाणे म्हणजे सुटका नव्हे, हेही बोवेन यांनी बजावले आहे. न्यू जर्सीत राहून रोज रात्री व्हिडिओ कॉलवर संसाराचा हिशेब देणारे मराठी नवरे त्याची साक्ष देतील.

पत्नीच्या हाती काय आहे याचा विचार करताना प्रथम हा त्रिकोण मोडणे महत्त्वाचे ठरते. सासूला सुधारण्याचा प्रयत्न सोडून संभाषण नवऱ्याशी, आणि तेही त्याच्या आईच्या स्वभावाबद्दल नव्हे तर त्याच्या वागण्याबद्दल केले पाहिजे. ‘तुझ्या आईला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे’ या वाक्यावर कोणताही मुलगा आईच्या बाजूने उभा राहतो. ‘बदलीचे मला आधी कळायला हवे होते, आणि ते तुझ्याकडून’ या वाक्याला त्याला उत्तर द्यावे लागते. हे बोलणे भांडणाच्या भरात करू नये आणि सासूबाई घरात मुक्कामाला असताना तर मुळीच करू नये. कोणत्या बाबी दोघांनीच ठरवायच्या, उदाहरणार्थ पैसा, मूल, नोकरी, राहण्याची जागा, आणि कोणत्या बाबतीत आईचा शब्द आनंदाने मानायचा, उदाहरणार्थ कुळाचार, नात्यातली लग्नकार्ये, हे एकदा निवांतपणे ठरले की रोजची कुरबुर पुष्कळ कमी होते. ठरलेला निर्णय आईला कळवण्याचे काम मुलानेच करायचे आणि ‘आम्ही ठरवले’ असे म्हणायचे. सुनेने निरोप्याचे काम पत्करू नये.

वैवाहिक नात्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन यांनी सासू-सुनेच्या तणावात नवऱ्याने पत्नीची बाजू घ्यावी असा रोखठोक सल्ला दिला आहे. तो एकत्र कुटुंबात जसाच्या तसा चालेल असे नाही, कारण चार माणसांसमोर आईला खाली पाहायला लावणारा मुलगा पत्नीचेच शत्रू वाढवतो. परंतु बाजू घेणे म्हणजे आवाज चढवणे असाही त्याचा अर्थ नाही. पहिल्या नकारानंतर आईचे रुसणे, जेवण टाकणे, बहिणीचे फोन, ‘बाईलबुद्ध्या झालास’ असे टोमणे हे सारे येणारच. याच टप्प्यावर बहुतेक नवरे माघार घेतात आणि त्यातून रुसले की काम होते हाच धडा घरातल्या सर्वांना मिळतो.

पैशाच्या बाबतीत संकोच महागात पडतो. पगार कोणत्या खात्यात जमा होतो, त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, विमा आणि भविष्यनिर्वाह निधीवर नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून कोणाचे नाव आहे, हे पत्नीला ठाऊक असलेच पाहिजे. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची आई ही त्याच्या विधवा पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातील वारस असते. आईला दरमहा ठरावीक रक्कम उघडपणे आणि दोघांच्या संमतीने द्यावी; चोरून दिलेल्या पैशांनी आईचे पोट भरते, पण घरातला विश्वास उडतो.

अवलंबन आणि छळ यांतली रेषा मात्र ओळखता आली पाहिजे. पत्नीचा पगार काढून घेणे, माहेरी जाऊ न देणे, सतत अपमान करणे, औषधोपचार अडवणे यांना ‘आईवेडेपणा’ म्हणणे चुकीचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर भावनिक आणि आर्थिक छळही येतो, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामाईक घर ठरत असल्यास सुनेला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला २०१६ च्या एका निकालात याच न्यायालयाने, सबळ कारण नसताना नवऱ्याला त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांपासून तोडण्याचा पत्नीचा सततचा आग्रह ही क्रूरता मानली आहे. त्यामुळे वेगळ्या बिऱ्हाडाची मागणी करताना तिची कारणे नेमकी सांगता येतील आणि दाखवता येतील, अशी काळजी घेणे शहाणपणाचे ठरते.

मदतीसाठी थेट घटस्फोटाच्या अर्जापर्यंत जाण्याची गरज नसते. छळ होत असल्यास १८१ ही महिला हेल्पलाइन आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने १९८४ साली सुरू केलेले, पुढे राज्यभर पोहोचलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष उपलब्ध आहेत. मनाचा ताण असह्य झाल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. दोघांची तयारी असेल तर विवाह समुपदेशकाकडे जावे, मात्र पहिल्या भेटीला सासू-सुनेची जोडी न नेता पती-पत्नींनी जावे. आणि नवरा ‘आईला विचारून सांगतो’ म्हणाला, तर पत्नीने ठरलेल्या वेळी एकटीने जावे.