काठी नेमकी कुठे वाकते

बालाघाटच्या रानात जिकडेतिकडे दिसणारा बांबू म्हणजे मानवेल. वनस्पतीशास्त्रात त्याचे नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. कोरड्या डोंगरउतारावर वाढला की तो आतून जवळजवळ भरीव होतो. म्हणून लाठीला आणि भाल्याच्या दांड्याला त्याला तोड नव्हती. या बांबूने समुद्रही ओलांडला आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बंदरातून तो अमेरिकेला जाई आणि तिकडे ‘कलकत्ता केन’ या नावाने विकला जाई. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर होता. त्याने 1840 च्या दशकात बांबूच्या पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून मासेमारीची काठी केली. पुढे 1870 च्या सुमारास मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डने सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी नावारूपाला आणली. जाणकार सांगतात की तो कलकत्ता केन म्हणजे मानवेलच. तो नेमका आपल्याच डोंगरातून गेला असे म्हणता येणार नाही, पण जात हीच.

नंतर चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तोवर काचतंतूच्या काठ्या आल्या होत्या. 1970 च्या दशकात कार्बनच्या आल्या. पण एका काठीत काय काय असावे लागते, हे शिकवले बांबूनेच.

वारासिवनीत राहणाऱ्या हौशी माणसापुढे पाणी तरी किती तऱ्हेचे आहे! गावाजवळची चंदन नदी, पलीकडे वैनगंगा, धानाच्या बांधीला पाणी देणारे कालवे आणि गावोगावचे तलाव. आठवड्यातून एखादी सकाळ हाताशी असलेल्याने यातल्या प्रत्येकासाठी वेगळी काठी घ्यावी काय? अमेरिकेत ‘बास’ नावाच्या माशामागे लागलेल्या हौशी लोकांनाही हाच प्रश्न पडतो: एकच काठी घ्यायची तर कोणती? बास आपल्याकडचा मासा नाही. त्याच्यासारखा गवतात दबा धरून बसणारा, अचानक झडप घालणारा आपला मासा म्हणजे मरळ.

मरळ खरोखर विलक्षण आहे. कल्ले असूनही तिला हवा लागते. डोक्यातल्या एका खास पोकळीत ती हवा घेते, त्यासाठी दर थोड्या वेळाने वर येते. वर येऊ दिले नाही तर पाण्यात असून गुदमरते. तोंड हाडाचे, कडक. गळ तिथे रुतवायचा तर झटका जोरदार हवा, आणि अडकली की ती शेवाळात घुसण्याआधी खेचून काढायची ताकद काठीत हवी. उलट रोहू, कतला, मिरगल यांचे ओठ मऊ. कतला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. कणकेचा गोळा ते ओठांनी चाचपतात, आणि हाताला ते कळायचे तर काठीचे टोक नाजूक हवे. एकाच काठीकडून ताकदही हवी आणि नाजूकपणाही. अवघड मागणी वाटते ना? पण बारीक टोकाचा, जाड बुडाचा बांबू ती कधीपासून पुरी करत आला आहे, आणि तो ती कशी पुरी करतो हे कळल्यावर मी थक्क झालो.

मुळात काठी वाकावी कशाला? समजा दोन किलोचा मासा सेकंदाला दोन मीटर वेगाने पळाला. त्याला पाच सेंटिमीटरांत थांबवायचे तर तंगूसवर सरासरी आठ किलोचा ताण येतो. चार किलो सोसणारा तंगूस तिथेच तुटतो. तोच मासा ऐंशी सेंटिमीटरांत थांबवला तर ताण सरासरी अर्ध्या किलोवर येतो. मासा तोच, वेग तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. ते अंतर वाकणारी काठी देते. मासा त्यानंतरही ओढत राहतो हे खरे, पण तंगूस तुटतो तो बहुधा पहिल्या हिसक्याला.

दुसरी गंमत तरफेची. सात फुटी काठी बुडाशी धरली, दोन हातांत एक फूट अंतर ठेवले, तर टोकाला लागलेला एक किलोचा ताण पुढच्या हाताला साधारण सात किलोंचा वाटतो. म्हणजे लांब काठीने माशाचे बळ वाढते, आपले नव्हे! पण काठी कमानीसारखी वाकली की टोक हाताच्या जवळ येते, तरफ आखूड होते आणि भार उतरतो. जितकी ओढ जास्त, तितकी काठी वाकते, आणि तितकी हाताची सोय होते. कोणतेही यंत्र नाही, कळ नाही, आणि जुळवून घेणे आपोआप.

आता बांबूची कापलेली कांडी हातात घेऊन तिचा काप पाहा. काळपट ठिपके दिसतात ते तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ, सालीकडे दाट. काठी वाकते तेव्हा एका बाजूची साल ताणली जाते, दुसऱ्या बाजूची दाबली जाते, मधोमध जवळपास काहीच होत नाही. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच बांबूने आपले बळ साठवलेले असते. गणितही तसेच सांगते. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: जाडी दुप्पट केली की ताठपणा सोळापट. भरीव दांड्याच्या गाभ्यातला अर्ध्या व्यासाचा भाग कोरून काढला तर वजन चौथ्या हिश्शाने घटते, ताठपणा मात्र जेमतेम सहा टक्क्यांनी कमी होतो. आजच्या कार्बनच्या काठ्या पोकळ असतात त्या याच हिशेबाने. आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी काठी आधी टोकाला वाकते, मग ओढ वाढेल तसा बाक खाली सरकतो. चाचपणाऱ्या रोहूला नाजूक टोक भेटते, शेवाळाकडे धावणाऱ्या मरळीला जाड बूड.

गळाने मासे धरण्याची जाण आपल्या मुलखात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा 1129 च्या सुमाराचा ग्रंथ. मराठी वाचकाला तो ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी माहीत असतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे: माशांचे प्रकार, त्यांना लागणारे खाणे आणि गळाने मासा धरण्याची रीत. माशांचे शास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लिहिले, तेव्हा ते अभ्यासकांपुढे नीट आले. इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याने 1873 मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ काढला आणि पुढे 1887 मध्ये केवळ तलावांतल्या मासेमारीवर वेगळे पुस्तक लिहिले. तलावाचे पाणी एवढे स्वतंत्र लक्ष मागते, हे त्याने ओळखले. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा तर सगळा तलावांचाच मुलूख.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण विचारतात, ‘काठी मजबूत आहे ना?’ मी म्हणेन, ती कुठे वाकते ते आधी पाहा. मुठीच्या वर छापलेल्या अक्षरांत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक पॉवर, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. दुसरी अ‍ॅक्शन, म्हणजे बाक कुठून सुरू होतो. ‘फास्ट’ काठी फक्त वरच्या भागात वाकते, ‘स्लो’ पार मुठीपर्यंत. आपल्या पाण्याला एकच काठी घ्यायची तर माझे मत असे: सुमारे सात फूट, पॉवर मीडियम, अ‍ॅक्शन मॉडरेट-फास्ट, साधारण सात ते वीस ग्रॅमचे आमिष फेकू शकणारी, सोबत 2500 किंवा 3000 आकाराचे स्पिनिंग रीळ. तिने मरळीपुढे रबरी बेडूक टाकता येतो आणि रोहूपुढे कणकेचा गोळाही. मरळीमागेच वेडे असाल तर मीडियम-हेवी घ्या, पण मग रोहूचे हलके चाचपणे हाताला कमी कळेल. निव्वळ कार्बनची काठी हलकी आणि जलद, पण आदळली की तडकते. दुचाकीला बांधून, धुऱ्यांवरून न्यायची तर काचतंतू आणि कार्बन मिसळलेली, दोन तुकड्यांची काठी जास्त टिकते. महागडे रीळ घेण्यापेक्षा चांगल्या काठीवर पैसे घालावेत.

आणि लहान मूल शिकणार असेल, तलावाकाठी बसून मोरपिसाच्या देठाची तरंगती काडी न्याहाळणे एवढेच करायचे असेल, तर काहीच विकत घेऊ नका. बुरडाकडून बारीक, पक्का, भरीव मानवेल घ्या, सावलीत सरळ बांधून पूर्ण वाळू द्या, टोकाला तंगूस बांधा. काठी कशी वाकते हे मुलाला रिळाविना, थेट हातातून कळेल. पहिली काठी म्हणून मला आजही हीच सर्वांत उत्तम वाटते.

दुकानात काठी जोडून टोक कुणाला तरी धरायला द्या आणि हळू उचला: बाक गुळगुळीत उतरायला हवा, मध्येच कोन दिसला तर ती नको. तंगूस ज्या कड्यांतून जातो त्यांत कापूस फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे आणि ती तंगूस कापणार. काठाशी आलेला मासा काठीने उचलू नका. पाण्यात त्याचे वजन जवळपास नसतेच, बाहेर ते सगळे काठीवर येते. काठी उभी धरून उचलले तर सगळा भार एकट्या टोकावर पडतो आणि ते मोडते. झेल-जाळी ठेवा. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून शेतावरून गेलेल्या तारांखाली काठी उंच करू नये. ओल्या बांबूलाही हेच लागू.

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्यावी. तिथल्या माणसांचे पोट त्या पाण्यावर आहे. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीला बंदी असते, कारण रोहू, कतला, मिरगल त्या दिवसांत चढत्या पाण्यात अंडी घालतात. मरळीचे जोडपे पिलांचा थवा राखत त्याखाली फिरत असते. पाण्यावर बारीक पिलांची खळबळ दिसली तर बेडूक तिथे फेकू नका: राखणाऱ्या मरळी हटल्या की बाकीचे मासे तो थवा फस्त करतात.